दात शिवशिवतात आणि पॉलिशिंगही करायचंय? पद्धत निवडण्याआधी हे वाचा

थंड पाण्याने कळ जाते म्हणून दातांची सफाईच टाळणारी माणसं आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात घरोघरी सापडतील. दुसरीकडे लग्नाची तारीख जवळ आली की दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, पॉलिश मारून द्या" म्हणणारेही कमी नाहीत. पहिल्यांच्या दातांवर किटण साचत जातं आणि हिरड्या आणखी खाली सरकतात. दुसरे चमक घेऊन घरी येतात आणि रात्री आइस्क्रीमच्या पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणतात.

पॉलिशिंगची सगळ्यात चांगली पद्धत कोणती, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो: कुठल्या दातावर, दाताच्या कुठल्या भागावर आणि कसला डाग काढायला? हे ठरलं की पद्धत आपोआप ठरते. कधी कधी पॉलिशिंगची गरजच नाही, असंही निघतं.

आधी दोन कामं वेगळी करा

आपण सरसकट 'क्लीनिंग' म्हणतो, पण त्यात दोन कामं येतात. किटण, म्हणजे दाताला चिकटून दगडासारखा कडक झालेला थर, काढण्याला स्केलिंग म्हणतात. ते हिरड्यांच्या तब्येतीसाठी लागतं. पॉलिशिंग त्यानंतर येतं आणि त्यात वरवरचे डाग जातात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. डाग नसतील तर पॉलिशिंग टाळल्याने हिरड्यांचं काही बिघडत नाही. म्हणूनच गरज असेल तेवढ्याच दातांना पॉलिश करण्याची रीत दंतवैद्यकात गेली कित्येक दशकं शिकवली जाते. शिवशिवणाऱ्या दातांच्या माणसाने ही रीत आपणहून मागून घ्यावी. "जिथे डाग आहे तिथेच करा, बाकी सोडा" एवढं सांगितलं तरी पुरतं.

पॉलिशने दाताचा मूळ रंग पांढरा होत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. पिवळसर दात चहाच्या डागासकट पिवळे असतील, तर पॉलिशनंतर ते डागाविना पिवळे राहतील. रंग उजळण्याचं काम ब्लीचिंगचं, आणि आधीच शिवशिवणाऱ्या दातांना ते सहसा पॉलिशपेक्षाही जास्त झोंबतं.

कळ येते कुठून

दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. त्याला नसा नाहीत. त्याच्या आतलं डेंटिन मात्र अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेलं असतं आणि त्या नळ्यांत द्रव असतो. थंड, गरम, गोड, आंबट काही लागलं किंवा नुसता वारा लागला, की हा द्रव हलतो आणि आतल्या नसेला धक्का बसतो. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही धरलं जातं. नळ्या उघड्या पडल्या की दात शिवशिवतो आणि तोंडं बुजली की थांबतो. पुढे प्रत्येक पद्धतीला हीच कसोटी लावायची आहे: ही पद्धत नळ्या उघडेल की बुजवेल?

नळ्या उघड्या पडण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ बाहेर येतं. मुळावर एनॅमल नसतं, सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि तो लवकर झिजतो.

पायरी १: घरीच पाच मिनिटं आरशासमोर

दिवसाउजेडी आरशासमोर उभे राहा आणि ओठ वर करा. हिरडीची कड सगळीकडे सारखी आहे, की सुळे आणि त्यामागच्या दातांवर वर चढली आहे? तिथे दात लांब दिसतो आणि मुळाकडचा भाग जास्त पिवळा असतो. आता नख हिरडीपाशी टेकवून दाताच्या टोकाकडे हळू सरकवा. वाटेत नख एखाद्या खाचेत अडकलं, तर तिथे झीज झाली आहे. कुऱ्हाडीच्या घावासारखी पाचरीच्या आकाराची ही खाच जोरजोरात आडवं ब्रश केल्याने किंवा मिश्रीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने, दात घासल्याने पडते. अशा जागा कागदावर लिहून ठेवा: वर की खाली, उजवीकडे की डावीकडे, पुढून कितवा दात.

मग कळ किती वेळ टिकते ते पाहा. थंड लागलं, सणकन कळ गेली आणि थंड बाजूला होताच थांबली, तर ती साधी संवेदनशीलता. थंड काढल्यावरही मिनिटभर ठणकत राहतं, गरम चहाने दुखतं, रात्री झोपेतून उठवतं, चावताना एकाच दातात कळ जाते, यातलं काहीही होत असेल तर प्रश्न पॉलिशचा उरलेला नाही. कीड खोल गेली असेल, दाताला चीर गेली असेल किंवा नस सुजली असेल. त्या दाताचा एक्सरे आधी, सफाई नंतर.

पायरी २: डाग कसला आहे ते ओळखा

चहाचा डाग तपकिरी असतो आणि समोरच्या दातांच्या फटींत बसतो. जखमेनंतर किंवा हिरडीच्या आजारात डॉक्टर क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश देतात, तो जास्त दिवस वापरला तरी असेच डाग येतात. लोहाच्या पातळ औषधानेही येतात. हे सगळे वरवरचे, पॉलिशने निघणारे.

पांढुरके पट्टे, खडूसारखे ठिपके किंवा दातात मुरलेला तपकिरी रंग लहानपणापासून असेल, तर तो फ्लोरोसिस असू शकतो. विजापूर, बागलकोट, गदगकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिकडून इकडे लग्न होऊन आलेल्या किंवा नोकरीला आलेल्या माणसांच्या दातांवर ते दिसतं. हा रंग दात घडतानाच आत बसलेला असतो, तो कुठल्याही पॉलिशने जाणार नाही. "आणखी घासा" असा आग्रह धरलात तर चांगलं एनॅमल तेवढं जाईल.

तिसरा प्रकार आपल्या भागाचा खास: तंबाखू. निपाणीच्या बाजारपेठेचं नावच तंबाखूवर उभं आहे आणि घरातल्या बायकांच्या हातात मिश्री अजून आहे. मिश्रीच्या तोंडात एकाच वेळी तीन गोष्टी असतात. दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, आणि आतल्या बाजूने काळपट जाड डाग, रोज बोटाने घासून मुळाकडे सरकलेली हिरडी, आणि उघड्या मुळावर पडलेल्या खाचा. म्हणजे डाग सगळ्यात जास्त तिथेच, जिथे घासणं सगळ्यात धोक्याचं. अशा दातांवर जाड दाण्यांची पेस्ट फिरवली तर डाग जाईल, त्याबरोबर मुळाचा थरही जाईल आणि मावशी पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. या लोकांसाठी पद्धत सगळ्यात जपून निवडावी लागते.

त्याच भेटीत डॉक्टरांना जीभ, गालाची आतली बाजू आणि ओठाच्या मागचा भाग तपासायला सांगा. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, हे डागांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. मिश्री, गुटखा सोडायचा असेल तर १८०० ११२ ३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन मोफत आहे.

पायरी ३: आधी दात शांत करा

घाई नसेल तर सफाईच्या आधी दोन ते चार आठवडे संवेदनशील दातांची टूथपेस्ट सुरू करा. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट नसेला शांत करतं, पण त्याला वेळ लागतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे बरेच भेटतात. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट हे घटक नळ्यांची तोंडं बुजवण्याचं काम करतात. ब्रश मऊ घ्या. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, नाहीतर औषध बेसिनमध्ये जातं.

या काळात राखुंडी, कोळशाची पावडर, मीठ-लिंबू आणि कोरडा खायचा सोडा बंद. लाल दंतमंजनही बंद, कारण त्यात गेरू असतो आणि तो उघड्या मुळावर खरखरीतपणे चालतो. बाजारात बसून पाच मिनिटांत दात मोत्यासारखे करून देणाऱ्यांकडे तर फिरकूही नका. आम्ल लावून आणलेली ती चमक म्हणजे विरघळलेलं एनॅमल, आणि एनॅमल पुन्हा उगवत नाही.

पायरी ४: पद्धती एकेक करून

स्केलिंगपासून सुरुवात करू, कारण कळ बहुतेक तिथेच येते. अल्ट्रासोनिक मशीनचं टोक थरथरतं आणि त्यावर पाण्याचा फवारा असतो. खरा त्रास त्या गार पाण्याचा. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत टाकीतलं पाणी कसं असतं ते वेगळं सांगायला नको. पाणी कोमट करता येईल का, पॉवर कमी ठेवता येईल का, फार शिवशिवणाऱ्या दोन-चार दातांचं किटण हातातल्या अवजारानेच काढता येईल का, हे विचारा. हाताने वेळ जास्त लागतो, पण पाण्याचा मारा टळतो. अगदीच सहन होत नसेल तर बधिर करणारं जेल किंवा इंजेक्शन मागण्यात लाज कसली?

रबर कप आणि पेस्ट ही जुनी पद्धत, बहुतेक दवाखान्यांत हीच असते. मशीनच्या टोकाला छोटी रबरी वाटी, तिच्यात दाणेदार पेस्ट. पेस्टमध्ये बहुधा प्युमिस असतो, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. मोह्सच्या मोजपट्टीवर प्युमिसचा कठीणपणा साधारण ६, एनॅमलचा ५ आणि डेंटिनचा ३ च्या आसपास. म्हणजे ही पेस्ट एनॅमललाही ओरखडते, मग मुळाचं काय विचारता! पेस्ट बारीक, मध्यम, जाड अशा दाण्यांत येते. शिवशिवणाऱ्या दातांना बारीकच हवी, मशीन हळू फिरवायला हवं, दाब हलका हवा आणि एका जागी कप दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नये, नाहीतर घर्षणाने दात तापतो. या अटी पाळल्या तर रबर कप वाईट नाही. नुसत्या चहाच्या डागांना आणि हिरडी जागेवर असलेल्या तोंडाला तो पुरेसा आहे, उगाच महागडं मशीन शोधत फिरू नका.

दुसरी पद्धत एअर पॉलिशिंग. पाट्यांवर 'एअरफ्लो' म्हणून जाहिरात दिसते. हवा, पाणी आणि पावडर यांचा एकत्र झोत दातावर सोडतात, मशीनचं टोक दाताला टेकत नाही. फटींत आणि तारा लावलेल्या दातांवर हे छान काम करतं. पण 'एअरफ्लो आहे का' हा प्रश्न अर्धाच. खरा प्रश्न पावडर कोणती, हा आहे.

सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडाच, पावडर करून वापरतात. तो डाग झपाट्याने काढतो आणि शाबूत एनॅमलवर चालतो. उघड्या मुळावर सोड्याचा झोत म्हणजे मातीच्या बांधावर मोटारीचं पाणी सोडणं. मूळ झिजतं, हिरडी सोलल्यासारखी होते, तोंड खारट होतं. दाताच्या रंगाच्या फिलिंगचा पृष्ठभागही खरखरीत होतो. मीठ कमी खायला सांगितलेल्यांना, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ही पावडर नको. दमा किंवा श्वासाचा जुना आजार असेल तर कुठल्याही झोताआधी डॉक्टरांना सांगा.

ग्लायसिन ही मऊ पावडर, कण साधारण २५ मायक्रॉनचे. ती मुळावर आणि हिरडीच्या कडेखालीही वापरता येते. एरिथ्रिटॉल त्याहून बारीक, १४ मायक्रॉनच्या आसपास, आणि चवीला गोडसर. दात फार शिवशिवत असतील आणि मुळं उघडी असतील, तर एअर पॉलिशिंगमध्ये मी या दोनच पावडरींचं नाव घेईन. त्यांची मर्यादाही जाणून घ्या. मऊ थर आणि हलके डाग त्या सहज काढतात, वर्षानुवर्षांच्या मिश्रीच्या जाड थरासमोर थकतात. काही नव्या मशीनमध्ये पाणी कोमट करायची सोय असते, तेवढी विचारून घ्या.

तिसरी वाट कमी माहितीची आहे. ८ टक्के आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट असलेली पेस्ट डॉक्टर रबर कपनेच हळू चोळतात. ती नळ्यांची तोंडं बुजवते, म्हणजे पॉलिश आणि औषध एकाच वेळी. डाग काढण्यात ती फार हुशार नाही. डाग थोडे आणि कळ जास्त असेल तर मात्र माझी पहिली पसंती हीच. दवाखान्यात नसेल तर मागवून ठेवा म्हणावं.

पायरी ५: तुमच्या तोंडाला काय लागू

हिरडी जागेवर, डाग चहाचे, कळ किरकोळ: बारीक पेस्टचा रबर कप, फक्त डागाच्या दातांना.

हिरडी उतरलेली, डाग हलके: ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल. ते नसेल तर मुळाचा भाग वगळून बारीक पेस्ट.

मिश्रीचं तोंड: एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको. पहिल्या भेटीत स्केलिंग आणि मुळांना फ्लोराइड वार्निशचा लेप, आठ-पंधरा दिवसांनी हिरडीची सूज उतरल्यावर उरलेल्या डागांचं बघायचं. मुळावरचे जाड डाग हातातल्या अवजाराने थोडे थोडे काढलेले बरे, त्यातला एखादा राहिला तरी चालेल. खाच खोल असेल तर तिथे पॉलिशच नको, ती भरून घ्या. कळ थांबवण्याचा तो सगळ्यात टिकाऊ मार्ग आहे.

कॅप, सिरॅमिक किंवा दाताच्या रंगाचं फिलिंग असेल तर जाड पेस्ट आणि सोडा दोन्ही वर्ज्य. फ्लोरोसिस असेल तर पॉलिशचा नाद सोडून डॉक्टरांशी वेगळे उपाय बोला. पित्ताने वारंवार उलट्या होत असतील किंवा येता-जाता उसाचा रस, लिंबू सोडा चालू असेल, तर आम्लाने एनॅमल मऊ पडलेलं असतं. आधी ती सवय आवरा, मग पॉलिश.

हृदयाची कृत्रिम झडप, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, हे खुर्चीत बसण्याआधीच सांगायचं. गर्भारपणात सफाई चालते, मधले तीन महिने जास्त सोयीचे.

पायरी ६: कुठे जायचं आणि काय विचारायचं

बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. केसपेपर काढून पेरिओडॉन्टिक्स, म्हणजे हिरड्यांच्या विभागात जायचं. खर्च खासगीपेक्षा कमी, तपासणी सावकाश, शिकाऊ डॉक्टरांवर वरिष्ठांची नजर असते. त्या बदल्यात वेळ द्यावा लागतो, अर्धा दिवस तरी मोकळा ठेवा. शिकाऊ डॉक्टर परराज्यातले असू शकतात, पण दातावर बोट ठेवून 'सेन्सिटिव्हिटी' म्हटलं की कुणालाही कळतं, आणि कन्नड बोलणाऱ्यांना नुसतं 'जुम्म' म्हटलं तरी पुरे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज-सांगली. खानापूरचा माणूस बेळगावलाच येतो. लांबून येणार असाल तर फोनवरच पावडर आणि पेस्टची चौकशी करा.

फोनवर किंवा समोर एवढंच विचारायचं: "माझी मुळं उघडी आहेत. तुमच्याकडे बारीक पेस्ट आहे का? एअर पॉलिशिंग असेल तर पावडर सोड्याची की ग्लायसिन-एरिथ्रिटॉलची? नंतर वार्निश लावता का? स्केलिंग-पॉलिशिंगचा खर्च एकत्र की वेगळा?" प्रामाणिक डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. "सगळ्यांना तेच करतो, काही होत नाही" असं उत्तर आलं तर मी दुसरा दवाखाना बघेन.

पायरी ७: खुर्चीत

लिहून आणलेला कागद दाखवा. कळ आली की डावा हात वर करणार, हे आधीच ठरवा. बोलता येत नाही, डोकं हलवलं तर टोक लागायची भीती असते, म्हणून हाताची खूण बरी. सुरुवात कमी शिवशिवणाऱ्या बाजूने करायला सांगा. दात वाळवायला हवेचा फवारा मारतात, तो उघड्या मुळाला सुईसारखा लागतो. तिथे कापसाने पुसा म्हणायचं. झोताच्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा, कॉन्टॅक्ट लेन्स घरीच काढून या.

काम संपलं की वार्निश. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा हा चिकट लेप मुळांवर ब्रशने लावतात, मिनिटभरात होतो. पॉलिशचे पैसे वाचवून वार्निशला द्यावे लागले तरी द्या.

पायरी ८: घरी आल्यावर

वार्निश असेल तर त्या दिवशी कडक आणि गरम खाऊ नका, ब्रश थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. दात पिवळसर, चिकट लागतील, ते ब्रशने जातं. दिवसभर चहा, पान, तंबाखू, सोलकढी दूर ठेवा. नुकत्याच घासलेल्या दातावर डाग लवकर बसतात.

किटण गेल्यावर दातांत फटी पडल्या, दात हलायला लागले, अशी ओरड हमखास होते. फट आधीच होती, ती किटणाने भरली होती. किटणाने दाबलेली मुळंही आता उघडी पडतात, म्हणून काही दिवस कळ वाढू शकते. संवेदनशील पेस्ट चालू ठेवा, झोपताना तीच पेस्ट बोटाने त्या जागी चोळून ठेवली तरी चालते. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा एकाच दातात ठणका राहिला, तर तो दात पुन्हा दाखवा.

तपासणी सहा महिन्यांनी करावी, मिश्री-तंबाखूवाल्यांनी त्याआधी. पण प्रत्येक तपासणीला पॉलिश घ्यायचं कारण नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांनी आरसा हातात देऊन डाग दाखवला तरच करून घ्या.